गोळी बसूनही कायोटी पळतो, नाहीतर कातड्याला भगदाड पडतं: दोष रायफलीचा की गोळीचा?

हिवाळा सुरू झाला की टेक्ससच्या पॅनहँडलपासून (राज्याचा उत्तरेकडचा पट्टा) वायोमिंगपर्यंत, कायोटीच्या (लांडग्याकोल्ह्यांच्या जातकुळीतला अमेरिकन प्राणी) मागे जाणाऱ्या मंडळींच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. पहिली: ‘गोळी बसली, केस उडालेले दिसले, पण गडी उठला आणि पळाला.’ दुसरी: ‘जागेवर पडला, पण पलीकडच्या बाजूला मूठ जाईल एवढं भोक. कातडं फुकट गेलं.’ गंमत म्हणजे दोन्ही तक्रारी बहुतेक वेळा त्याच कॅलिबरबद्दल (रायफलीच्या मापाबद्दल; .२०४, .२२-२५० ही त्यांचीच नावं) असतात, कधीकधी तर एकाच माणसाच्या एकाच रायफलीबद्दल. मग तो .२०४ विकून .२२-२५० घेतो, .२२-२५० विकून .२४३ घेतो आणि पुढच्या मोसमात तेच रडगाणं घेऊन हजर होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: रायफल विकायच्या आधी गोळी बदला, आणि गोळी बदलायच्या आधी पडलेला कायोटी नीट उघडून बघा. कारण वर सांगितलेल्या दोन्ही बिघाडांचं मूळ एका जागी आहे. गोळी जनावरापर्यंत किती वेगाने पोचली आणि तेवढा वेग सोसायची तिची बांधणी होती का, हा खरा प्रश्न. कॅलिबर त्यानंतर येतं.

(गोळी म्हणजे इथे नळीतून बाहेर जाणारा तुकडा. पितळी पुंगळी, दारू आणि गोळी मिळून काडतूस. दुकानात काडतुसाचा खोका मिळतो, पण आपण बोलतोय ते त्यातल्या गोळीबद्दल. आणि हे सगळं अमेरिकेपुरतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, तेव्हा गावाकडच्या कोल्ह्यांवर कुणी हे ज्ञान पाजळू नये.)

आधी ठरवा, कातडं हवंय का

हा प्रश्न टाळून पुढे गेलात तर कुठलाच सल्ला लागू पडणार नाही, कारण कातडं वाचवणारी गोळी आणि रँचरचं (गुरंमेंढ्या पाळणाऱ्याचं) नुकसान थांबवणारी गोळी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकीचं औषध दुसरीचं दुखणं वाढवतं.

फरसाठी शिकार करणाऱ्याला गोळी आत शिरून आतच फुटायला हवी असते. शिरताना बारीक भोक, बाहेर पडायचं नावच नाही. शेळ्यामेंढ्यांची कोकरं, वासरं वाचवायला निघालेल्याला मात्र कातड्याशी घेणं नसतं. कायोटी कुठल्याही बाजूने उभा असो, चालत असो, खांद्यात बसो की बरगडीत, जागेवर पडला पाहिजे एवढीच त्याची अपेक्षा. त्याला गोळी खोल जायला हवी. पलीकडून निघाली तरी चालेल, किंबहुना निघालेली बरी, कारण मग रक्ताचा माग मिळतो.

आजकाल बहुतेक जण दुसऱ्या गटातले असतात. २०१० च्या दशकात थंडीच्या जाकिटांच्या टोपीला कायोटीची फर लावायची फॅशन होती तोवर मोंटाना-वायोमिंगच्या फिकट, दाट केसांच्या कातड्याला चांगला भाव होता. जून २०२१ मध्ये कॅनडा गूज कंपनीने जाहीर केलं की त्या वर्षअखेर फरची खरेदी थांबवू आणि २०२२ अखेर फर वापरणंच बंद करू. त्यानंतर बाजार बसला. टेक्ससच्या कायोटीचे केस तसेही विरळ. तरीही लोक सल्ला घेतात तो जुन्या फरवाल्यांचा आणि ‘बाहेर न पडणारी’ हलकी गोळी घेऊन रँचवर जातात. पहिल्या तक्रारीची अर्धी मुळं इथेच आहेत.

कातडं सोलताना काय बघायचं

कातडं ठेवायचं नसलं तरी एका बाजूने सोलून बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यातून जे कळतं ते खोक्यावरच्या कुठल्याही तक्त्यात नसतं. तीन गोष्टी शोधायच्या. शिरायची जागा: बारीक गोल भोक आहे की फाटलेला, उथळ खड्डा? छातीची पोकळी: फुप्फुसांचा लगदा झालाय की नुसता सरळ बोगदा? आणि पलीकडच्या बरगड्या: गोळीचे तुकडे तिथे कातड्याखाली अडकलेत का, भोक पडलंय का, की काहीच पोचलेलं नाही?

उथळ खड्डा आणि आत काहीच नाही, म्हणजे गोळी वरच फुटली. लगदा झालाय आणि पलीकडे मोठं भोक आहे, म्हणजे गोळी उघडली पण थांबली नाही. सरळ बोगदा, म्हणजे ती उघडलीच नाही. पुढचं सगळं या तीन निदानांभोवतीच फिरतं.

वरच फुटणारी गोळी

सगळ्यात जास्त वेळा दिसणारा आणि सगळ्यात जास्त गैरसमज असलेला बिघाड हा. माणसाला वाटतं रायफलीत दम नाही. प्रत्यक्षात दम गरजेपेक्षा जास्त असतो.

छोट्या कॅलिबरच्या बहुतेक वेगवान गोळ्या मुळात प्रेअरी डॉगसाठी बनवलेल्या. बिळात राहणारी ही खार वजनाने किलोभराच्या आसपास. त्यासाठी गोळीचं तांब्याचं आवरण अगदी पातळ ठेवतात आणि टोकाला प्लास्टिकची टोपी बसवतात. टोपी धडकली की मागे सरकून शिशाच्या गाभ्यात पाचरीसारखी घुसते आणि गोळी इंचभरात फुटायला लागते. हॉर्नडीची व्ही-मॅक्स, नोस्लरची बॅलिस्टिक टिप व्हार्मिंट, सिएराची ब्लिट्झकिंग, सगळ्या याच घराण्यातल्या. खारीवर किंवा जमिनीवर आपटून त्यांचा भुगा होतो, गोळी टप्पा घेऊन दूर जात नाही, हा त्यांचा मोठा गुण.

आता तीच गोळी कायोटीवर. मैदानी कायोटी दहा ते सोळा किलोंचा, पूर्वेकडच्या राज्यांत वीसपर्यंत जातो. खारीच्या दहापट तरी झालाच. त्यात तो कॉलच्या, म्हणजे सावजाचा आवाज काढणाऱ्या शिट्टीच्या, आवाजावर धावत येतो, चाळीस यार्डांवर समोरून तिरका उभा राहतो आणि गोळी लागते खांद्याच्या सांध्यावर. .२०४ रूगरमधली ३२ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप, साधारण पंधरा ग्रेनचा एक ग्रॅम) व्ही-मॅक्स नळीतून ४२२५ फूट सेकंदाला या वेगाने निघते. चाळीस यार्डांवर तिचा वेग अजून चार हजारांच्या जवळ असतो. दोन ग्रॅमचा पातळ आवरणाचा तुकडा त्या वेगाने हाडावर आदळला की चिखलाचा गोळा भिंतीवर आपटावा तसा पसरतो. वरचं मांस फाटतं, केस उडतात, कायोटी कोलमडतो. आत फुप्फुसाला मात्र काही झालेलं नसतं. धक्का ओसरला की तो तीन पायांवर उठून निघून जातो आणि कुठेतरी दोन दिवसांनी मरतो. हे कुठल्याच हिशेबात बसणारं नाही.

हाच प्रकार .२२-२५० मध्ये ४० ग्रेनच्या गोळीबाबत होतो. ती ४१५० फुटांच्या वेगाने निघते. आणि हा बिघाड अंतर कमी असेल तितका जास्त होतो, हे लोकांच्या पचनी पडत नाही. ‘इतक्या जवळून मारला तरी पळाला’ असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा ‘जवळून मारला म्हणूनच पळाला’ हे उत्तर असण्याची शक्यता बरीच असते.

उपाय म्हणजे त्याच रायफलीत जड किंवा जाड आवरणाची गोळी. .२०४ मध्ये ३२ च्या जागी ४० ग्रेनची व्ही-मॅक्स किंवा ३९ ची ब्लिट्झकिंग घ्या. वेग कमी होईल म्हणून लोक कचरतात, म्हणून हॉर्नडीच्या तक्त्यातले आकडे देतो. ४० ग्रेनची गोळी ३९०० ने निघते, म्हणजे सुरुवातीला तीनशेहून जास्त फुटांनी मागे. दोनशे यार्डांवर मात्र ३२ ची असते ३१३७ वर आणि ४० ची ३१०३ वर. तीनशे यार्डांवर ४० ग्रेनवाली पुढे गेलेली असते: २६८३ विरुद्ध २७५५. हलक्या गोळीचा वेग हवाच खाते. तेव्हा जवळ जरा हळू, लांब जरा जलद आणि सगळीकडे वजनाने सव्वापट. ३२ ग्रेनची प्रेअरी डॉगसाठी ठेवून द्या, तिथे तिच्याइतकी मजेची गोळी नाही.

.२२३ मध्ये ४० ग्रेनवरून ५३, ५५ किंवा ६० वर या. .२२-२५० मध्ये ५५ ची प्लास्टिक टोकाची गोळी खांद्यावर बसली तरी बहुधा आत पोचते. कातडं नकोच असेल तर उघड्या शिशाच्या टोकाची जुन्या पद्धतीची ५५ किंवा ६० ग्रेनची सॉफ्ट पॉइंट घ्या. दिसायला जुनाट, तक्त्यात मागे, किमतीला स्वस्त आणि कायोटीवर अतिशय भरवशाची. जाहिराती तिच्या होत नाहीत.

आणि नेम. बाजूने उभा असेल तर पुढच्या पायाच्या मागे, बरगड्यांत, छातीच्या उंचीच्या मध्याच्या किंचित खाली. समोरून असेल तर मान जिथे छातीला मिळते तिथे, मधोमध. तिरका असेल आणि हातात फुटणारी हलकी गोळी असेल तर थांबा. कॉल पुन्हा हलकेच वाजवला किंवा तोंडाने नुसतं ‘वुफ’ केलं तरी चालता कायोटी क्षणभर थबकतो आणि बऱ्याचदा वळतो.

पलीकडचं भगदाड

हा बिघाड बरोबर उलटा. गोळी आत पोचली, उघडली, फुप्फुसं संपवली आणि तरी अंगात जोर शिल्लक होता म्हणून बरगड्यांचे तुकडे घेऊन पलीकडून बाहेर पडली. कायोटीची छाती केस वगळता वीतभरही रुंद नसते. .२२-२५० मधली ५५ ग्रेनची गोळी शंभर यार्डांवर ३२५० च्या आसपास असते आणि ती पलीकडे थांबेल याची खात्री देता येत नाही. .२४३ ची गोष्टच सोडा. ५८ ग्रेनची हलकी गोळी घातली तरी तिचं काम भगदाड पाडायचंच.

फर हवी असेल तर दोन रस्ते. एक, बारीक कॅलिबर: .१७ रेमिंग्टन हे १९७१ पासून मुख्यतः याच कामासाठी लोकांनी जपलेलं काडतूस. २५ ग्रेनची गोळी चार हजार फुटांच्या वेगाने आत जाते आणि बरगड्यांमागे बसली तर शिरायची जागासुद्धा केस बाजूला सारून शोधावी लागते. दोन, आहे त्याच रायफलीत हलकी गोळी: .२२-२५० मध्ये ४० किंवा ५०. म्हणजे मागच्या भागात ज्या हलक्या गोळीला नावं ठेवली तीच. मात्र अट अशी की खांद्यावर मारायचं नाही, तिरका मारायचा नाही, बाजूने उभा राहीपर्यंत वाट बघायची. ज्याला ही शिस्त जमते त्याच्या हातात हलकी गोळी सोन्यासारखं काम करते. ज्याला जमत नाही त्याने जड गोळी घ्यावी आणि सुईदोरा घेऊन बसावं. आतल्या बाजूने शिवलेलं भोक खरेदीदार स्वीकारतात, भाव थोडा पडतो इतकंच.

मधला मार्ग विचाराल तर .२२-२५० मध्ये ५० ग्रेन आणि .२०४ मध्ये ४० ग्रेन. दोन्हींनी कधी भोक पडेल, कधी नाही. पण जखमी होऊन पळण्याचं प्रमाण खूप खाली येतं, आणि माझ्या लेखी ते कातड्याच्या भावापेक्षा मोठं आहे.

सरळ आरपार, पण जनावर चालतंच

तिसरं निदान: शिरायचं भोक बारीक, निघायचं भोक बारीक, मध्ये पेन्सिलीएवढा बोगदा. कायोटी दचकतो आणि काही झालंच नाही असा पळत सुटतो. याची कारणं तीनच, आणि तिन्ही मुख्यतः .२२३ वाल्यांना, त्यातही एआर-१५ (लष्करी धर्तीची अर्धस्वयंचलित रायफल) वाल्यांना छळतात.

पहिलं कारण स्वस्ताई. रेंजवर झाडायला आणलेली पूर्ण आवरणाची, म्हणजे एफएमजे गोळी, शिकारीला नेली जाते. ‘भोक बारीक पडतं म्हणजे फरला चांगलं’ हा युक्तिवादही कुणीतरी पुरवलेला असतो. ५५ ग्रेनची लष्करी धर्तीची एफएमजे साधारण २७०० फुटांच्या वर असेल तर मांसात आडवी वळून खाचेपाशी तुटते आणि भलतंच फाडते. त्याच्या खाली गेली की निव्वळ आरपार. म्हणजे कधी भगदाड, कधी काहीच नाही, आणि तुमच्या हातात काही नाही. वर ती खडकाळ जमिनीवरून टप्पा घेऊन कुठे जाईल याचाही भरवसा नाही. रँचवर पलीकडच्या कुरणात गुरं असतात. कायोटीसाठी एफएमजे नको, यात मला मध्यममार्ग दिसत नाही.

दुसरं कारण नेमबाजीच्या स्पर्धेची गोळी. ६९ किंवा ७७ ग्रेनची मॅच गोळी कागदावर सुंदर गट देते, म्हणजे भोकं एकमेकांजवळ पडतात, म्हणून तीच शिकारीला. तिच्या टोकाला भोक असतं म्हणून ती उघडेल असं वाटतं. ते भोक बनवण्याच्या पद्धतीतून आलेलं आहे, उघडण्यासाठी ठेवलेलं नाही. कधी ती आतल्या आत तुटते, कधी नाही.

तिसरं कारण आखूड नळी. खोक्यावरचा वेग बहुतेक वेळा २४ इंची चाचणी नळीतला असतो. ५५ ग्रेनच्या .२२३ व्ही-मॅक्सवर ३२४० लिहिलेलं असतं. तुमच्या एआरची नळी १६ इंचांची. इंचामागे साधारण २५ ते ४० फूट गेले असं धरलं तर निघतानाच तुम्ही तीन हजारांच्या आसपास आहात आणि दोनशे यार्डांवर २३०० च्या. व्ही-मॅक्ससारखी पातळ गोळी या वेगालाही बिनतक्रार उघडते, म्हणून आखूड नळीत मी फुटणारी गोळीच घ्या म्हणेन. वर जिला ‘जास्तच फुटते’ म्हणून बाजूला ठेवलं तिची जागा इथे आहे. जाड आवरणाची, मोठ्या जनावरांसाठीची ६० ग्रेनची पार्टिशन किंवा तत्सम गोळी आखूड नळीतून लांबवर मारण्यात अर्थ नाही.

गोळी हवेतच हरवते किंवा आडवी जाते

हा बिघाड जनावरावर कळत नाही, कागदावर कळतो. पन्नास यार्डांवर टार्गेट लावा. भोक गोल हवं. लांबट असेल तर गोळी डोलत किंवा आडवी पोचते आहे, म्हणजे नळीच्या आट्यांचा (गोळीला गरगर फिरवणाऱ्या आतल्या वळणदार खाचांचा) पीळ त्या गोळीला पुरत नाही. जुन्या .२२-२५० रायफलींचा पीळ बहुधा १:१४ असतो, म्हणजे चौदा इंचांत एक फेरी. ५५ ग्रेनपर्यंत त्या खूश असतात, त्यापुढच्या लांबट गोळ्यांवर रुसतात. जुन्या बोल्ट (दर वेळी हाताने खटका ओढून भरायच्या) .२२३ मध्ये १:१२ सापडतो, एआरमध्ये १:९, १:८, १:७.

पीळ मोजायला दुकानात जायची गरज नाही. सफाईच्या फिरत्या सळईला घट्ट चिंधी लावून नळीत ढकला, सळईवर खूण करा, खूण एक फेरी पूर्ण करेपर्यंत सळई किती इंच आत गेली ते मोजा. झालं.

दुसरं टोक असं की पीळ फार घट्ट आणि गोळी फार पातळ. गोळी मिनिटाला किती फेऱ्या घेते ते काढायचं तर वेगाला ७२० ने गुणा आणि पिळाच्या इंचांनी भागा. ४१५० फुटांची ४० ग्रेन गोळी १:१४ मधून निघाली तर दोन लाख तेरा हजार फेऱ्या. तीच १:८ मधून निघाली तर पावणेचार लाखांच्या जवळ. अगदी पातळ आवरणाच्या काही गोळ्या एवढ्या गरगरण्याने हवेतच फाटतात. टार्गेटपर्यंत राखाडी धुराची रेघ दिसते आणि कागदावर भोकच नसतं. नळी घाण असेल, आटे झिजलेले असतील, तर हे आणखी लवकर होतं. अशा वेळी एक पायरी जाड आवरण घेतलं की प्रश्न सुटतो. स्कोप, म्हणजे रायफलीवरची दुर्बीण, बदलायची गरज नसते, आणि लोक नेमका तोच बदलतात.

गोळी निर्दोष असते तेव्हा

जानेवारीतला कायोटी दिसतो त्यापेक्षा बराच लहान असतो. पोटाखालचे केस चांगले लांब होतात आणि ‘मधोमध’ म्हणून धरलेला नेम प्रत्यक्षात छातीच्या तळाशी किंवा निव्वळ केसांत जातो. केस उडाले म्हणजे गोळी लागली असं नाही. फुप्फुस आणि हृदय मिळून जेमतेम तळहाताएवढं लक्ष्य असतं.

वारा हे दुसरं. ताशी दहा मैलांचा आडवा वारा ५५ ग्रेनच्या .२२३ गोळीला दोनशे यार्डांत साडेचार इंचांच्या आसपास सरकवतो. पॅनहँडलमध्ये दहा मैल म्हणजे शांत दिवस. .१७ एचएमआर तेवढ्यातच चौदा-पंधरा इंच सरकते, म्हणजे बरगड्यांऐवजी थेट पोटात. ती १७ ग्रेनची रिमफायर (छोट्या, कमी ताकदीच्या काडतुसाची) गोळी २५५० ने निघते आणि शंभर यार्डांवर १९०० ला येते. सशासाठी छान आहे. कायोटीसाठी ती नेणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय, सल्ला मात्र देत नाही.

आणि एक फसवी खूण. गोळीसरशी कायोटी वीज पडल्यासारखा कोसळला, तुम्ही रायफल खाली ठेवली, आणि तो उठून गेला. अशा वेळी गोळी बहुधा कण्याच्या वरच्या काट्यांजवळून गेलेली असते. मज्जारज्जूला हादरा बसतो, इजा होत नाही. गोल गोल फिरून स्वतःलाच चावत असेल तर गोळी मागे, पोटात किंवा पुठ्ठ्यात. दोन्हींवर उपाय तोच: लगेच दुसरं काडतूस भरा, नजर स्कोपमधून हलवू नका, हालचाल दिसली की पुन्हा मारा. कातड्याचा विचार तेव्हा करायचा नसतो.

कॅलिफोर्निया आणि तांबं

१ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात कुठल्याही वन्यप्राण्याच्या शिकारीला शिसेविरहित गोळी सक्तीची आहे. कायदा २०१३ चा. मूळ कारण कॅलिफोर्निया काँडोर. शिशाचे कण असलेली मढी खाऊन ही गिधाडं विषबाधेने मरतात. तिथल्या मंडळींना वरची अर्धी यादी बाद.

शिसं नाही म्हणजे तेवढ्याच वजनाची गोळी जास्त लांब होते आणि लांब गोळीला घट्ट पीळ लागतो. म्हणून शिसेविरहित फुटणाऱ्या गोळ्या हलक्या येतात: बार्न्सची व्हार्मिंट ग्रेनेड ३६ ग्रेनची, हॉर्नडीची एनटीएक्स .२२४ मध्ये (.२२३ आणि .२२-२५० दोन्हींच्या गोळीचा व्यास) ३५ ची आणि .२०४ मध्ये २४ ची. २४ ग्रेन कायोटीला मला फार कमी वाटतात. सबंध तांब्याची, पाकळ्या उघडून खोल जाणारी ५३-५५ ग्रेनची गोळी जास्त समजूतदार. निघतानाचं भोकही शिशाच्या सॉफ्ट पॉइंटपेक्षा लहान असतं. १:१४ च्या जुन्या नळीत मात्र ती आधी कागदावर तपासून घ्या.

सक्ती नसलेल्या राज्यांतही फुटणाऱ्या गोळीने मारलेला कायोटी उघड्यावर टाकून येऊ नका. आत शिशाचा चुरा असतो आणि हिवाळ्यात तो खायला पहिले गरुड येतात. पुरा, किंवा रँचरला विचारून त्याच्या खड्ड्यात टाका.

एच-१बी वाल्यांसाठी

हा प्रश्न आपल्या मंडळींकडून सारखा येतो आणि यात गोळीपेक्षा मोठा घोटाळा होऊ शकतो. बिगरस्थलांतरित व्हिसावर असलेल्याला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. त्याला जे अपवाद आहेत त्यातला नेहमी कामी येणारा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. आता टेक्ससचा नियम असा की खाजगी जमिनीवर पाळीव जनावरांवर हल्ला करणाऱ्या कायोटीला मारायला जमीनमालकाच्या परवानगीने परवाना लागत नाही. अमेरिकन मित्र प्रामाणिकपणे सांगतो, ‘कायोटीला लायसन्स लागत नाही, चल.’ त्याच्यासाठी ते खरं आहे. तुम्ही परवान्याशिवाय त्याची रायफल हातात घेतलीत तर राज्याचा नियम मोडत नाही, संघीय कायदा मोडतो. परवाना काढा, खिशात ठेवा, शंका असेल तर वकिलाला विचारा. ग्रीनकार्डवाल्यांना ही अडचण नाही.

मी काय घेईन

.२२३ बोल्ट रायफल, २२-२४ इंची नळी: ५३ ग्रेनची व्ही-मॅक्स, किंवा कातड्याची पर्वा नसेल तर ६० ग्रेनची सॉफ्ट पॉइंट. पहिल्यांदाच रायफल घेणाऱ्यालाही मी हेच सांगतो, कारण .२२३ ची गोळी कुठल्याही खेड्यातल्या दुकानात मिळते. आखूड एआर: ५० ते ५५ ची प्लास्टिक टोकाची, आणि अंतर दोनशेच्या आत. .२०४: ४० ग्रेन, विचार करायची गरज नाही. .२२-२५०: फरसाठी ५०, रँचसाठी ५५ सॉफ्ट पॉइंट. .२२ हॉर्नेट असेल तर ३५ ची व्ही-मॅक्स आणि दीडशे यार्डांची मर्यादा. त्या मर्यादेत ती फार गोड रायफल आहे. .२४३ हरणासाठी ठेवा. तीच एक असेल तर खुशाल वापरा, पण कातडं विसरा.

नवी गोळी एकदम दहा खोके घेऊ नका. एक खोका आणा, नळी साफ करून शंभर यार्डांवर पाच-पाचचे दोन गट मारा, मग झीरो, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी एकाच जागी पडण्याचं अंतर, नव्याने लावा. जुन्या गोळीचा झीरो नव्या गोळीला जवळजवळ कधीच लागू पडत नाही, अगदी त्याच कंपनीच्या त्याच वजनाच्या गोळीलासुद्धा. दोनशे यार्डांचा झीरो ठेवला तर ५५ ग्रेनची .२२३ शंभरावर दीड इंच वर आणि तीनशेवर सात इंच खाली बसते. तीनशेच्या आतच राहणार असाल तर एवढे दोन आकडे सांभाळले तरी भागतं. गट आवडला की त्याच लॉट नंबरचे बाकीचे खोके उचला. लॉट बदलला तर झीरो पुन्हा तपासा.